एकसष्ट हातोड्यांचे मगदूम

आइंडहोवनच्या बाजारात चीजच्या गाड्यापुढे उभं राहून, चीजच्या पिवळ्याधमक चाकावर बोटाचं पेर ठोकून त्याला कान लावणारा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते मगदूम असणार. अंगात कंपनीचं निळं जाकीट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून चिमट्याने आवळलेली पॅन्ट, आणि चेहरा असा की चीजच्या आत कुणीतरी राहतंय आणि आत्ता दार उघडणार आहे. मग मान हलवून म्हणायचे, "बोलतंय." नाहीतर, "मुकं हाय." मुकं चीज ते घेत नसत. गाडेवाला चिडेल असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. तो चिडला नाही. उलट गाड्यामागून बाहेर आला, मगदुमांचा हात हातात घेतला आणि सांगायला लागला की त्याचे आजोबा असंच ठोकून चीज पारखायचे. त्या दिवसापासून मगदुमांना चवीला जाड तुकडा मिळायला लागला. मी त्याच गाड्यावरून सहा वर्षं चीज घेत होते. मला अजूनही पातळच तुकडा मिळतो.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी मगदुमांवर जळत होते. आदर, कौतुक, जिव्हाळा हे सगळं नंतर आलं, आणि आलं तेही जळण्याच्या वरच येऊन बसलं. खालचं काही विझलं नाही.

आम्ही एकाच कंपनीत होतो. चिप बनवणारी यंत्रं बनवणारी कंपनी. मी सॉफ्टवेअरमध्ये, मगदूम कंपनं मोजणाऱ्या गटात. त्या यंत्रांना केसाच्या हजाराव्या भागाएवढा धक्काही चालत नाही, म्हणून कुठलं यंत्र कुठे थरथरतं ते हे लोक दिवसभर बघत बसतात. मगदूम मिरजेचे. घरात तंबोरे आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान. वडील तंबोऱ्याची जवारी लावण्यात वाकबगार. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानसत जायचं आणि तारेखाली सुती दोरा सरकवत जायचं, नेमकी जागा सापडली की साधी तार गुंजायला लागते. त्या दोऱ्याचा वीतभर तुकडा मगदुमांच्या पाकिटात कायम असे. रेसिडेन्स परमिटचं कार्ड, बँकेचं कार्ड आणि दोरा. मीटिंगमध्ये कंटाळा आला की तो दोरा काढून बोटाला गुंडाळत बसायचे. इंजिनिअर होऊन, पुण्यातल्या दोन कंपन्या करून हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी इथे आला. बायको मिरजेच्या शाळेत शिक्षिका, ती तिकडेच राहिली. इथे एका खोलीत मगदूम, एक कुकर आणि एक तंबोरा.

आता माझ्याबद्दल जेवढं लागेल तेवढंच. मी पुण्याची. वयाच्या सातव्या वर्षापासून कॅम्पातल्या एका गोवेकर बाईंकडे पियानो शिकले. आठच्या आठ परीक्षा दिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं युरोपचं संगीत हा माझा जीव की प्राण. सबंध आइंडहोवनच्या मराठी माणसांत त्यातलं कळणारी मी एकटी, अशी माझी समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. कुणाला कॉन्सर्टचं तिकीट काढायचं असलं की मला फोन यायचा. ही माझी जागा होती. छोटीशी, पण माझी.

त्या जागेला पहिला धक्का इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बसला. मंडळाने मला 'पाश्चात्त्य अभिजात संगीताचा उगम आणि विकास' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी तीन आठवडे खपून चाळीस स्लाइड्स केल्या. आधीचं नक्षीदार, एकात एक गुंतलेल्या आवाजांचं संगीत लोकांना जड कसं वाटायला लागलं. एकच गळ्यासारखी गाणारी चाल आणि खाली हलकी साथ, असं नवं वळण इटलीकडून कसं आलं. जर्मन राजवाड्यांतल्या वाद्यवृंदांनी आवाज हळूहळू फुगवत नेण्याचं तंत्र कसं काढलं, आणि ते ऐकताना लोक खुर्चीतून कसे उठायचे. दरबारात चाकरांच्या पोशाखात जेवणाऱ्या संगीतकारांपासून तिकीट काढून ऐकणाऱ्या शहरी लोकांपर्यंत. सगळं होतं. लोक शांतपणे ऐकत होते, म्हणजे मागे बटाटेवडे तळले जात होते तिकडे लक्ष लावून शांत बसले होते.

शेवटी प्रश्नोत्तरं. एका काकूंनी विचारलं, "आधीचं ते हार्पसिकॉर्ड आणि नंतरचा पियानो यात फरक काय गं? दिसतात तर सारखेच." मी तारांचा ताण, यंत्रणा, पट्टीखालची रचना असं सांगायला लागले. काकूंचे डोळे वड्यांकडे जायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी सांगू का वो? आदी सतार हुती. मग संतूर झालं."

सगळे वळले. मगदूम उभे होते. कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले होते.

"म्हंजे बगा, पयल्या वाद्यात पिसाच्या काडीनं तार छेडायची. नखीनं सतार छेडतो तशी. कळ जोरात दाबा न्हाईतर हळू, काडी आपली टिंग करून एकच आवाज देणार. दुसऱ्यात हातोडी मारायची. संतूरसारखी. हळू मारा, हळू वाजतंय. जोरात मारा, जोरात. हातात रुसवा आला, लाड आला. मग गाणंच बदललं की."

काकू म्हणाल्या, "अगोबाई, एवढंच होय!" टाळ्या पडल्या. माझ्या चाळीस स्लाइड्सना पडल्या नव्हत्या तेवढ्या. पुढे कित्येक महिने मंडळात कुणीही भेटलं की म्हणायचं, "काय सुंदर झाला हो तुमचा तो सतार-संतूरचा कार्यक्रम." मी हसून थँक्यू म्हणायचे. काय करणार?

खरं तर त्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्या स्लाइडवरची दोन चित्रं बघून त्यांनी ते तिथल्या तिथे ताडलं होतं. मला सांगताना म्हणाले, "चित्रात काडी दिसली, हातोडी दिसली. बाकी तुमीच सांगिटलं की." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला आणखीच राग आला.

यानंतर शहाण्या बाईने या माणसाला आपल्या संगीतापासून चार हात लांब ठेवलं असतं. मी उलट केलं. मी त्यांना हेंककडे घेऊन गेले.

हेंक म्हणजे शहराबाहेर सायकलने तासाभराच्या अंतरावर, कोठारवजा घरात जुनी कळवाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा डच. उंच, वाकलेला, बोलायला कंजूष. त्याला मी शोधून काढलं होतं. त्याच्याकडे अठराव्या शतकाच्या अखेरचा एक व्हिएन्ना घडणीचा पियानो होता. आजच्या पियानोच्या निम्म्याने लहान, सबंध लाकडी, पाच सप्तकं, एकसष्ट पट्ट्या, पायाने दाबायच्या पेडलऐवजी गुडघ्याने वर ढकलायची दांडी. एका शेतघरात त्याच्यावर वर्षानुवर्षं बटाट्यांची पोती ठेवलेली होती, आणि हातोड्यांवरचं कातडं उंदरांनी खाल्लेलं होतं. हेंकने तो दहा वर्षं खपून उभा केला होता. दर शनिवारी अर्धा तास तो मला वाजवू द्यायचा. फक्त वाजवायला. आतल्या यंत्रणेला बोट लावायचं नाही. एकदा मी नुसती वाकून आत बघत होते तर त्याने झाकण लावून टाकलं होतं.

त्या शनिवारी पियानो खिडकीपासून आतल्या भिंतीकडे हलवायचा होता. माझ्या नवऱ्याची, समीरची, पाठ धरलेली. म्हणून मगदुमांना म्हटलं, चला. त्यांनी एक बाजू उचलली, हेंकने दुसरी. ठेवून झाल्यावर मी बसले आणि वाजवलं. मगदूम डोळे मिटून उभे. मग पुढे आले, पियानोच्या कडेच्या लाकडावर पेर ठोकलं, कान लावला, आणि मला म्हणाले, "लाकूड बोलतंय. हातोडी मुकी हाय. त्यास्नी विचारा, कातडं कुठलं लावलंय?"

मी जरा घाबरतच हेंकला डचमध्ये विचारलं. हेंकने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग खाली वाकला, कळपट्टीच्या वरची फळी काढली, एक हातोडी अख्खी सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. दहा मिनिटं झाली नव्हती त्या माणसाला आत येऊन. मला दोन वर्षं झाली होती. सायकलवरून परत येताना वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं असं मी समीरला सांगितलं.

कातडं कडक होतं, हे मगदुमांचं निदान. तारेवर पडताना बोट पडल्यासारखं पडायला हवं, नख पडल्यासारखं पडत होतं. बाजाच्या पेटीत सुरांच्या झडपांखाली मऊ मेंढीचं कातडं लावतात. वडिलांनी त्याची एक गुंडाळी वीस वर्षं जपून ठेवली होती. ती दिवाळीच्या सुट्टीनंतर, चकलीच्या डब्याखाली बसून, मगदुमांबरोबर आली. हेंकने एका हातोडीला ते लावलं. मधली एक पट्टी. मी ती दाबली.

त्या एका पट्टीचा आवाज बाकीच्या साठांहून वेगळा होता. गोल, आणि थोडा धुरकट. हेंक "मोई" म्हणाला. डचमध्ये सुंदरला मोई म्हणतात, आणि हेंकच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मगदूम मात्र म्हणाले, "वाऽ!" तेही मला नव्हे. हातोडीला.

पुढची दोन वर्षं दर शनिवारी ते दोघे आणि त्या एकसष्ट हातोड्या. हेंकला इंग्रजी बेताचं, मगदुमांची डचची पहिली परीक्षा जेमतेम झालेली. तरी त्यांचं काही अडत नसे. एक जण हातोडी उजेडात धरायचा, दुसरा मान हलवायचा. मधूनमधून मला हाक यायची, "ताई, ही वाजवा." मी ती वाजवायची. "आता ही." मी वाजवायची. आठ परीक्षा पास झालेली मी, टेस्टिंगला.

मगदुमांचं एक पालुपद होतं. "आवाज निगतो कुठनं ते सोडा. थांबतो कुठं ते ऐका." तंबोऱ्याला, सायकलच्या घंटेला, ऑफिसच्या लिफ्टला, सगळ्याला हे एकच. मला त्याचा कंटाळा आला होता. पण एकदा त्याच बोलण्यातून त्यांनी माझ्या लाडक्या संगीताचं मर्मच हातात दिलं, आणि तेही चहात बिस्किट बुडवत. म्हणाले, "ह्या वाद्याचा आवाज लवकर मरतो, व्हय का न्हाई? मग लिवणारा काय करणार? लांब वाक्यं कशी बोलणार? म्हणून बगा, ह्यांची वाक्यं बारकी. एक विचारतंय, एक उत्तर देतंय. मदी श्वास. आनी डावा हात सारखा दुडदुड दुडदुड का पळवलाय? सूर धरून ठेवता येत न्हाई म्हणून. संतूरवाला नुसता थांबत न्हाई, थरथरवत ऱ्हातो, तसंच." डाव्या हाताची ती पळती साथ मी तीस वर्षं वाजवत होते. तिचं नाव, मूळ, कुठल्या इटालियन माणसामुळे ते नाव पडलं, सगळं मला येत होतं. ती तिथे का आहे हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता दादेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच होतं.

एकदा एका जुन्या चर्चमध्ये चार तंतुवाद्यांचा कार्यक्रम होता. मी, समीर आणि मगदूम. अशा कार्यक्रमांत तुकड्यांच्या मध्येसुद्धा टाळी वाजवायची नसते, खोकलासुद्धा लोक दाबून धरतात. संथ भाग चालू होता. व्हायोलाने, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या भावाने, एक साधीशी ओळ घेतली, उचलली आणि अलगद खाली ठेवली. आणि मगदूम मोठ्याने म्हणाले, "वाऽऽ!"

चर्चमधल्या सगळ्या माना वळल्या. मी बाकावर दोन इंच समीरकडे सरकले. अगदी मोजून दोन इंच, म्हणजे हा माणूस आमच्याबरोबर नाही असं दिसावं. मध्यंतरात व्हायोला वाजवणारी बाई स्वतः खाली उतरून आली. मला वाटलं, आता माफी मागावी लागणार. ती मगदुमांना म्हणाली, "ते तुम्ही होतात का? मी तीस वर्षं वाजवतेय. वाजवत असताना मला आजवर कुणी काही म्हणालं नव्हतं." आणि मग पुढे म्हणाली की ज्या काळात हे संगीत लिहिलं गेलं त्या काळात लोक असेच मधेच दाद द्यायचे, आवडलं तर तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावायचे, लिहिणारेही मुद्दाम तशा जागा पेरून ठेवायचे.

हे मला माहीत होतं. माझ्या तेविसाव्या स्लाइडवर होतं. पण ते मी स्लाइडवर ठेवून आले होते आणि मगदूम ते बरोबर घेऊन आले होते, माहीत नसताना.

तर अशी ही दाद. चीजला मिळाली, व्हायोलाला मिळाली, हातोडीला मिळाली. हेंकच्या दाराच्या बिजागरीलासुद्धा एकदा मिळाली. मला मिळाली नाही. दोन वर्षं दर शनिवारी मी वाजवत होते, बोट कुठे चुकायचं नाही, ठेका हलायचा नाही. संपवून मी त्यांच्याकडे बघायचे. ते म्हणायचे, "बरोबर हाय."

बरोबर हाय! घरी येऊन मी समीरला म्हणायचे, "बरोबर म्हणजे काय? मी काय पाढे म्हणत होते?" समीर म्हणायचा, "अगं, त्या मगदुमांच्या म्हणण्याला इतकं काय? तुझ्या परीक्षकांनी डिस्टिंक्शन दिलं होतं ना?" दिलं होतं. पण परीक्षकांची सर्टिफिकेटं पुण्याला माळ्यावर होती, आणि मला मगदुमांची वाऽ हवी होती. मला ती इतकी हवी होती की मी ऑफिसातून लवकर निघून रियाज करायचे. खोटी दाद ते देत नसत. एकदा मी लाज सोडून विचारलंही, "मगदूम, आवडलं की नाही सांगा ना सरळ." ते ओशाळले. दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "ताई, तुमी लई भारी वाजवता. पण तुमी आवाज थांबायच्या आदीच पुढं जाता." बस्स. पुन्हा तेच.

एकसष्टावी हातोडी बसली आणि हेंकने ठरवलं की वसंत ऋतूत घरीच छोटी मैफल करायची. गावातली, ओळखीची चाळीसेक माणसं. वाजवणार मी. मला आभाळ ठेंगणं झालं. पण त्याच शनिवारी हेंकने टेबलावर एक पेन्सिल ठेवली. जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या लोकांत एक रीत आहे. वाद्य बंद करण्याआधी, ज्यांचे हात त्याला लागले त्यांनी सगळ्यात डावीकडच्या पट्टीच्या अंगावर, जिथे कुणाला कधी दिसणार नाही तिथे, पेन्सिलीने सही करायची. पट्टी बाहेर काढली की त्या वाद्याची सगळी माणसं भेटतात. आधीच्या दोन दुरुस्तीवाल्यांची नावं तिथे होती, एक तर पुसट होऊन गेलेलं. हेंकने त्याखाली आपलं नाव लिहिलं आणि पेन्सिल मगदुमांना दिली. मी उगीच पुढे झाले. हेंक म्हणाला, "नाही, फक्त काम करणारे." त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. वाजवणारे काय, येतात जातात. मगदूम पट्टी घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे लिहीत बसले. मी कोट घालून बाहेर सायकलपाशी जाऊन उभी राहिले.

कार्यक्रमाचं पत्रक माझ्याकडे होतं, कारण माझं डच बऱ्यापैकी. घरी बसून मी ते लिहिलं. संगीताचा इतिहास, वाद्याचा इतिहास, बटाट्यांची पोती, उंदीर, नवं मेंढीचं कातडं, सगळं लिहिलं. 'हेंकच्या कारखान्यात हे वाद्य पुन्हा बोलतं झालं' असं लिहिलं. वाजवणारीचं नाव ठळक अक्षरात वर. मगदुमांचं नाव लिहिलं नाही. विसरले नव्हते. एकदा लिहिलं होतं, आणि मग खोडलं. आतल्या लाकडावर तुमचं, तर बाहेरच्या कागदावर माझं, असा हिशेब मी मनात केला आणि चांगल्या जाड कागदावर साठ प्रती छापून आणल्या. मगदुमांना एवढं डच कुठे कळतंय, असंही मनात म्हटलं. हेंक छापील मजकूर कधीच वाचत नाही, हे मला ठाऊक होतं.

मैफलीच्या दुपारी कोठार भरलेलं. मगदूम इस्त्रीचा शर्ट घालून, एखादी तार तुटलीच तर म्हणून हत्यारांचं कापड मांडीवर घेऊन, पियानोच्या शेजारी स्टुलावर. पहिला भाग झाला. पियानोचा एक पाय विटांच्या फरशीवर किंचित डगमगत होता, आणि डगमगला की आत कुठेतरी बारीक खडखड व्हायची. मगदूम उठले, हातातलं पत्रक चार वेळा दुमडलं, त्या पायाखाली सरकवलं, ठोकून पाहिलं आणि जाऊन बसले.

संथ भाग सुरू झाला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक विराम आहे. त्या विरामात मी कायम मनात 'एक, दोन' मोजून पुढे जाते. त्या दिवशी तिथे आले आणि माझी नजर खाली गेली. घडीच्या वरच्या बाजूला माझंच ठळक नाव आलं होतं, आणि सगळ्या पियानोचा भार त्याच्यावर होता. मला इतकी शरम वाटली की मोजायचं राहून गेलं. हात तसाच वर. आवाज विरत चालला होता, लाकडातून जमिनीत, पातळ, आणखी पातळ. मी त्याच्या मागे मागे गेले, आणि तो थांबला ती जागा मला ऐकू आली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पुढची ओळ मग मी वाजवली नाही, ती आपसूक आली.

"वाऽ," शेजारून आवाज आला. हळू, जणू चुकून निघाला.

पुढचं काय वाजवलं मला आठवत नाही. टाळ्या पुष्कळ झाल्या. हेंकने दुसऱ्यांदा मोई म्हटलं. मी घरी येऊन ढसाढसा रडले, आणि समीरला वाटलं आनंदाने.

त्यानंतर महिन्याभरात मगदुमांनी राजीनामा दिला. वडिलांना दिसेनासं झालं होतं, दुकानात धाकटा भाऊ एकटा पडला होता, आणि जवारी त्याच्या हाताला येत नव्हती. मी मनात म्हटलं, सुटले. पुन्हा शनिवार माझे, हेंक माझा, पियानो माझा. असं म्हणाले, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

ते जायच्या आधीच्या शनिवारी मी एकटीच हेंककडे गेले. हवेतल्या ओलीने डावीकडची शेवटची पट्टी फुगून अडकत होती. हेंकने ती बाहेर काढली, कड तासली, आणि मग मला म्हणाला, "बरं झालं आलीस. हे तुमच्या लिपीत काय लिहिलंय त्याने? इतकं लांब नाव आहे का त्याचं?"

मी पट्टी उजेडात धरली. मगदुमांचं गोल, शाळकरी अक्षर. 'कातडं मिरजेचं. हात मगदूमचे. बोलतं करणार मुग्धाताई.'

हेंकने पुन्हा विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणाले, "त्याचं नाव." पट्टी त्याच्या हातात परत देताना म्हणाले, "आणि माझं." हेंकने भुवया उचलल्या, पण खोडलं नाही. मी मनात हिशेब केला. हे लिहिलं तेव्हा मी बाहेर कोट घालून सायकलपाशी उभी होते. वाऽ अजून व्हायची होती. तोवर तर नुसतं 'बरोबर हाय'च होतं.

मंगळवारी त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेले. दोन बॅगा, आणि गवसणीत तंबोरा, लहान मुलाला धरावं तसा पोटाशी धरलेला. गाडीला सात मिनिटं होती. मी म्हणाले, "मगदूम, त्या पत्रकात तुमचं नाव नव्हतं. ते चुकून नाही. मी मुद्दाम घातलं नव्हतं."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "वाचलं मी. तेवढं डच येतंय आता."

"कधी वाचलंत?"

"दारातच. हातात दिलं तवाच."

"आणि मग ते पायाखाली...?"

"कागद चांगला जाड हुता वो. बेस बसला."

मला हसूही येईना आणि रडूही. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही वाऽ म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मगदूम माझ्याकडे खरोखरच न कळून बघत राहिले. हिला झालंय काय, असा चेहरा. मग म्हणाले, "व्हय. पण त्याचा नि ह्याचा काय संबंध?"

त्यांना खरंच संबंध दिसत नव्हता. मोठेपणा दाखवत असते तर मला सोपं गेलं असतं. मला तर आयुष्यात प्रत्येक गोष्टीचा दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी संबंध दिसत आलेला, कुणाला किती टाळ्या, कुणाला किती जाड तुकडा. त्यांच्या कानाचा हेवा मी चार वर्षं केला. त्या फलाटावर मला कळलं की हेवा करण्यासारखी गोष्ट दुसरीच होती, आणि ती रियाजाने येणारी नव्हती.

गाडी आली. बॅगा चढल्या, तंबोरा चढला, मगदूम चढले. दारं लागली. ते खिडकीशी बसले आणि बसल्या बसल्या सवयीने काचेवर पेर ठोकून त्यांनी तिला कान लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला मी आजवर एकदाही दाद दिली नाही. त्या पहिल्या पट्टीला नाही, एकसष्टाव्या हातोडीला नाही, कधीच नाही.

मी फलाटावरून, गाडी हलायच्या आत, जितक्या मोठ्याने जमेल तितक्या मोठ्याने म्हणाले, "वाऽऽ!"

फलाटावरच्या सगळ्या माना वळल्या. मी तिथेच उभी राहिले, दोन इंचही सरकले नाही. एवढ्या जाड काचेतून त्यांना ते ऐकू गेलं असेल का, मला सांगता येणार नाही. पण त्यांचा कान तेव्हा काचेला होता.